वाचलेला शिपाई आणि न मोजलेला भाऊ

(खामगावला लिहित्या पोरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो. कविता लिहितो. कथेचं शास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा व्याख्या-बिख्या मागू नका. तुमच्यातल्या एका मित्रानं कागदाच्या चिटोऱ्यावर एक ओळ लिहून माझ्या हातात दिली. ‘महायुद्धात सगळं बेचिराख होतं आणि एक शिपाई जिवंत राहतो. याची कथा कशी करायची?’ आज तेवढ्या ओळीवरच बोलतो. ओळ चांगली आहे. आणि धोक्याची पण आहे.

धोका असा. ही ओळ ऐकल्याबरोबर डोळ्यांपुढं काय येतं? लांब कोट, बर्फ, पडकं चर्च, ओठात सिगारेट. म्हणजे शिपाई थेट पडद्यावरून उतरला. त्याचं दुःख खोटं नाही, त्यालाही माय असेलच. पण त्याची गोष्ट हजारदा सांगून झालीय. ती आपण पुन्हा लिहिली तर खामगावात बसून केलेली नक्कल होईल. नक्कल करायला आपल्याला वेळ नाही.

म्हणून पहिलं काम सांगतो. त्या शिपायाला तालुका द्या.

तुमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे, असे दोन प्रकार. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली. रेल्वे घाटाखालून गेली. बुलढाणा शहराला जिल्ह्याचा मान आहे, पण रेल्वेचं स्टेशन नाही. आता विचार करा, १९४१ सालचं घाटावरचं एक महाराचं पोरगं. पायी घाट उतरून मलकापूरला येतंय. पायात काही नाही. रूळ दोन दिशांना जातात. पश्चिमेला मुंबई, पूर्वेला नागपूर, नागपूरच्या पुढं कामठी. खामगावच्या कापसाच्या गाठी पश्चिमेला जातात. पोरगं पूर्वेला जातंय, कामठीला, पलटणीत भरती व्हायला.

बघा, एक तालुका दिला तर शिपायाला रस्ता मिळाला. आता त्याला विचारा, बाबा, तू का चाललास?

इथं इतिहास लागतो. ब्रिटिशांच्या मुंबई फौजेत महार होते. कोरेगावच्या खांबावर १८१८ सालच्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत शेवटी ‘नाक’ लागलेली नावं आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतलेच. फौजेत शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनासुद्धा, शिकवत होते. गावात ज्याची सावली चालत नव्हती तो छावणीत पाटी घेऊन बसला. पुढं साहेब लोकांनी ‘लढाऊ जाती’ नावाचं शास्त्र काढलं आणि १८९२-९३ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. उपयोग झाला नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ साली ‘१११ महार’ नावाची पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ साली मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब १९४१ साली संरक्षण सल्लागार मंडळावर होते, त्यांनी ही गोष्ट लावून धरली. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली बटालियन बेळगावला, दुसरी कामठीला.

म्हणजे काय झालं? जगात आग लागली की आपल्यासाठी दार उघडतं. आग विझली की दार बंद. लंडनच्या पोराला युद्ध म्हणजे घरावर पडलेला बॉम्ब. घाटावरच्या आपल्या पोराला युद्ध म्हणजे पहिला बूट, पहिला महिन्याचा पगार, पहिल्यांदा पुरं नाव घेऊन मारलेली हाक. ही गोष्ट बोलायला कडू आहे. पण ती वगळून तुम्ही आपल्या शिपायाची कथा लिहिली तर ती खोटी होईल. त्याला युद्ध आवडत नाही. पण युद्ध नसतं तर तो गावात वेठ करत, मेलेलं ढोर ओढत राहिला असता, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

आता शहरातले शिकलेले मित्र आडवे येतील. म्हणतील, हा तर साम्राज्याचा भाडोत्री. इंग्रजाची बंदूक खांद्यावर घेणारा आपला नायक कसा? प्रश्न रास्त आहे, तो टाळू नका. त्या रेजिमेंटच्या बटालियन सरहद्दीवर गेल्या, तशा काही देशातल्या देशात अंतर्गत बंदोबस्तालाही लावल्या होत्या. आणि साल १९४२. त्या बंदोबस्ताचा अर्थ तुम्हाला कळतो. कथेत त्याला एखाद्या चौकात उभा करा. समोर घोषणा देणारे कॉलेजचे पोरं, हातात बंदूक. त्या पोरांमध्ये त्याच्याच गावच्या पाटलाचा पोरगा आहे, ज्याच्या विहिरीवर ह्याच्या मायला वरून पाणी घ्यावं लागतं. आता कोण कुणाचा शत्रू? तिथं लेखकानं भाषण ठोकू नये. बंदुकीच्या लाकडाला घाम लागलाय एवढं लिहावं आणि पुढं जावं. वाचणारा काय ते समजतो. नायकही करू नका, दलालही करू नका. पगारावर गेलेला माणूस आहे, आपल्यासारखाच.

आता ‘बेचिराख’ या शब्दाकडं येऊ. विध्वंस कुठं दाखवायचा? तुम्ही म्हणाल ब्रह्मदेशात. दुसरी बटालियन ब्रह्मदेशात गेली होती, खरं आहे. पण तिथं तिची फार माणसं पडली नाहीत. आपण शौर्याच्या भरात हजार प्रेतं पाडायची आणि सत्य गाडायचं, हे चालणार नाही. आपल्या लोकांच्या बाबतीत खोटा गौरव हा पण एक अपमानच असतो.

मग विध्वंस कुठला? मी गोदीतला माणूस. मला विध्वंसाचा पत्ता माहीत आहे. मुंबई, व्हिक्टोरिया डॉक, १४ एप्रिल १९४४.

तारीख पुन्हा ऐका. चौदा एप्रिल. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आणि त्याच दिवशी मुंबईच्या मजुरांवर आभाळ कोसळलं. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट. इंग्लंडच्या बर्कनहेडवरून निघाली, कराचीला थांबली, १२ एप्रिलला मुंबईला लागली. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा. लाकूड, तेल, सोन्याच्या विटा. आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दारूगोळा आणि कापूस एकाच बोटीत, एकाच हॅचमध्ये. गोदीत पहिल्या दिवशी आलेल्या हमालालासुद्धा विचारा, तो म्हणेल हे असं रचत नाहीत. पण युद्धाची घाई होती. घाई साहेबाची असते, भाजतो हमाल.

दुपारी दोन नंबरच्या हॅचमधून धूर दिसला. बंब आले. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं. आग सापडेना. खाली पाणी उकळायला लागलं. चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना बोट सोडायचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. बोटीचे दोन तुकडे. पेटलेला कापूस, तापलेलं लोखंड झोपड्यांवर, गोदामांवर पडलं. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट. सिमल्याच्या भूकंपयंत्रावर हादरा उमटला. सहासष्ट बंबवाले मेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच स्मरणाचा. हजारो लोक बेघर झाले. आणि एकूण मेले किती? कुठं आठशे लिहितात, कुठं तेराशे.

आठशे आणि तेराशे. मधले पाचशे माणसं कुठं गेले?

माझ्या मते आपली कथा या पाचशेंच्या फरकात आहे.

तो फरक कसा पडतो, हे गोदीतल्या कामाची रीत ठाऊक असल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा मजूर कायम नव्हते. टोळीवाला, मुकादम दरवाज्यावर यायचा, माणसं उचलायचा. आज काम आहे, उद्या नाही. नाव टोळीवाल्याच्या डोक्यात. कागदावर असलं तर असलं, नसलं तर नसलं. जो माणूस कामावर आल्याची नोंद नाही, तो कामावर मेल्याची नोंद कुठून होणार? गोदी मजुरांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला १९४८ साली. चार वर्षं उशिरा.

आता माझ्या मनातली कथा सांगतो. ही कल्पित आहे. त्या दिवशी महार पलटणीचा शिपाई तिथं होता असा माझा दावा नाही. पण गोदीत आपली माणसं होती.

आपल्या शिपायाला एक धाकटा भाऊ आहे. मोठा मलकापूरवरून पूर्वेला गेला, धाकटा पश्चिमेला. कापसाच्या गाठींच्या दिशेनं. तो मुंबईत, गोदीत टोळीवर जातो. मोठ्याला सुट्टी मिळाली. धाकट्यानं कळवलं, जयंतीला ये, संध्याकाळी मिरवणूक आहे. मोठा खाकी कपड्यात मुंबईला आला. जयंती असली तरी धाकट्याला खाडा परवडत नाही. म्हणाला, पाळी करतो, संध्याकाळी भेटू. दुपारी मोठा त्याला बघायला गोदीवर गेला. अंगात खाकी होती म्हणून दरवाज्यावर कुणी अडवलं नाही.

त्याला धूर दिसला. आता लक्षात घ्या, तो खामगावकडचा आहे. पलटणीत जायच्या आधी दोन हंगाम त्यानं जिनिंगमध्ये काढलेत. रुईची गाठ कशी पेटते हे त्याला माहीत आहे. ती भडकत नाही. आतल्या आत धुमसते. वरून पाणी मारा, वरची ओली होते, आत निखारा तसाच राहतो. आग विझली म्हणून माणूस पाठ फिरवतो आणि रात्री गंजी उठते. हे ज्ञान त्याला पलटणीनं दिलेलं नाही. हे बुलढाणा जिल्ह्याचं ज्ञान आहे. तो मुकादमाला म्हणतो, “वरून पाणी मारून हे इझत नाही. आतून गाठी काढा, नाहीतर माणसं हटवा.” मुकादम त्याच्या खाकीकडं बघतो, मग त्याच्या तोंडाकडं बघतो. विचारतो, “तू कुठला?” तो गावाचं नाव सांगतो. “कोण?” तो सांगतो. बस्स. नंतर मुकादमाला ऐकू येत नाही.

खाकीनं त्याला दरवाज्यातून आत सोडलं, पण त्याचं म्हणणं पुढं जाऊ दिलं नाही. ही एवढी जागा नीट लिहिता आली तर कथेला पाया मिळाला.

स्फोट मी चार ओळींत लिहीन. त्याच्यावर पानं खर्च करायची नाहीत. पडदेवाले लोक स्फोटावर पैसे मिळवतात. आपल्याला स्फोटानंतरचं लिहायचं आहे. शिपाई शुद्धीवर येतो. कानात आवाज नाही. बूट पायात आहेत. तो भावाला शोधतो. पाच दिवस, दहा दिवस. इस्पितळं, शवागारं, राखेचे ढीग. भाऊ नाही. देह नाही, कपडा नाही, चप्पल नाही. बातमी छापायला सुद्धा बंदी. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. इथल्या बातमीदारांना मात्र बातम्या बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. आपली मुंबई जळल्याची खबर आधी शत्रूनं दिली. मग घाटावरच्या मायला कोण देणार?

माय घरी आहे. तिच्याकडं बघायला विसरू नका. आपल्या कथांमध्ये बायका चुलीपुढं बसवून आपण मोकळे होतो. युद्ध तिनं पण काढलं आहे. रॉकेल नाही, कापड नाही, दाणा महाग. कामठीवरून मनिऑर्डर येते, ती अंगठा उठवते. सोबत चार ओळी असतात. वाचायला गावातल्या शाळामास्तराकडं जावं लागतं. मास्तर ओट्याखाली उभं करून वाचतो, अर्धं वाचतो. म्हणजे पोराचा शब्द तिच्यापर्यंत येताना दुसऱ्याच्या मर्जीतून येतो.

शिपाई गावात येतो. एकटा. माय त्याच्या मागं वाटेकडं बघते, दुसरा येतोय का. मग विचारते, “लढाईत तर तू व्हता. मंग तो कसा मेला?”

मित्रांनो, तुमच्या चिटोऱ्यावरच्या ओळीचं उत्तर माझ्या मते हा प्रश्न आहे. बंदूक घेऊन गेलेला परत आला. पाठीवर गाठी घेऊन पोट भरणारा लढाईत मेला. वाचलेल्याची गोष्ट वाचण्यानं सुरू होत नाही. कुणीतरी त्याच्याकडं न वाचलेल्याचा हिशोब मागतो, तिथं ती सुरू होते.

आता शेवट. नवे लिहिणारे इथं घसरतात. एक शेवट म्हणजे शिपाई वेडा होतो. सोपं आहे. वेड्याला व्यवस्थेशी भांडावं लागत नाही, लेखकालाही लागत नाही. दुसरा शेवट, तो पाटलाला बुटानं तुडवतो. टाळ्या मिळतात. पण १९४४ साली घाटावरच्या गावात तसं केल्यावर सकाळी वस्तीचं काय झालं असतं, ते पण मग लिहा. ते लिहायची तयारी असेल तरच बूट उचला.

माझा शेवट लहान आहे. १९४६ साली पलटणीतून सुटल्यावर तो एका कचेरीत जातो. भावाच्या नुकसानीची दाद मागायला. टेबलामागचा माणूस विचारतो, “तुमचा भाऊ त्या दिवशी कामावर होता, याला पुरावा काय?” शिपाई खिशातून स्वतःचा डिस्चार्जचा कागद काढतो. त्यावर सगळं आहे. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा बुलढाणा, जात, उंची, अंगावरच्या खुणा. सरकारनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत मोजून घेतलंय, कारण त्याच्याकडून काम घ्यायचं होतं. तो म्हणतो, “हा माझा भाऊ होता. आमचा बाप एक, गाव एक, जात एक. फक्त उंची दोन बोटं कमी लिहा.” टेबलामागचा माणूस कागद परत करतो. म्हणतो, “हा तुमचा आहे.”

इथं थांबायचं. पुढं तो १९५६ ला नागपूरला गेला असेल, पांढरे कपडे घालून, त्याच मलकापूरच्या स्टेशनावरून, त्याच पूर्वेच्या गाडीनं. ती वेगळी कथा आहे, ती तुमच्यापैकी कुणी लिहा. या कथेत तेवढं आणलं तर भावाचा प्रश्न झाकला जाईल. जो प्रश्न सुटलेला नाही तो कथेत सोडवून दाखवायचा नाही.

आणि तो सुटलेला नाही, हे मी गोदीतून आलोय म्हणून सांगतो. कायदा झाला, बोर्डं झाली, युनियन झाल्या, नोंदी झाल्या. लढून झाल्या. मग कंटेनर आले, माणसं कमी झाली, आणि कंत्राट मागच्या दारानं परत आलं. मी आज ज्या पासवर आत जातो त्यावर आधी कंत्राटदाराचं नाव आहे, मग माझं. उद्या आत काही झालं तर आधी कुणाचा फोन लागेल, याचा मला अंदाज आहे. तेव्हा १९४४ ची ही कथा मला जुनी वाटत नाही.

तुम्हाला एक काम देतो. त्या युद्धात गेलेले आता आपल्यात जवळपास उरले नाहीत, पण त्यांची म्हातारी लेकरं आहेत. घाटावर जा, घाटाखाली फिरा. माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडायला सांगा. डिस्चार्जचा कागद असेल, बिल्ला असेल, पट्टा असेल. ते बघा, उतरवून घ्या. फोटो काढा. आणि मग दुसरा प्रश्न विचारा, तो विसरू नका. ह्यांचा कागद आहे. घरातला कुणी असा होता का, जो कामाला गेला, परत आला नाही, आणि ज्याचा काहीच कागद नाही? गिरणीत, गोदीत, खाणीत, धरणावर? म्हातारी थोडा वेळ गप्प बसेल. तिला घाई करू नका. ती एक नाव सांगेल.

ते नाव लिहून घ्या. पुरं नाव, बापाच्या नावासकट, गावासकट. कथा नंतर लिहा.

जयभीम.